निळ्या खडूची खूण

डॉक्टरांना संशय यायला फारसं काही लागत नसे. पेशंट "दुखत नाही" म्हणाला की तो लपवतोय असं त्यांना वाटायचं, आणि "दुखतंय" म्हणाला की नाटक करतोय असं. अशा माणसाचा दवाखाना त्याच्या डोळ्यांदेखत फोडायला काढायचा आणि वर त्यालाच सांगायचं की तुम्ही यात लक्ष घालू नका, म्हणजे कहरच होता. पण डॉक्टरांच्या लेकीने नेमकं तेच केलं होतं.

लेकही दातांचीच डॉक्टर. घरी चिऊ, दवाखान्यात मॅडम. शिकून, दुसऱ्यांच्या दवाखान्यांत हात बसवून ती वडिलांच्या दवाखान्यात आली आणि आल्या आल्या म्हणाली, "बाबा, हे सगळं बदलायला हवं." बदलायला हवंच होतं. भिंतींना ओल आली होती, वायरी लोंबत होत्या, हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी निम्म्यांचं दुखणं पळून जायचं आणि त्यांच्या मागोमाग पेशंटही. डॉक्टरांनी मोठ्या मनाने मान डोलावली. मग एक डिझाइनर बाई आली, टेप घेऊन भिंती मोजून गेली आणि नकाशा घेऊन आली.

त्या नकाशावर डॉक्टरांनी लाल पेन चालवलं. बेसिन दाराजवळ का? कपाटाचं दार इकडे का उघडतं? पेशंटच्या बाकासमोर आरसा कशाला, तोंड सुजलेल्या माणसाला आरसा दाखवतात का? नुसत्या बेसिनवरून बापलेकीचं आठवडाभर वाजलं. डिझाइनर बाई काम सोडून निघाली होती, तिला चिऊने जिन्यात गाठून परत आणलं. शेवटी डॉक्टरांच्या बायकोने जेवणाच्या टेबलावर हात आपटला.

"आता पुरे. काम पूर्ण होईपर्यंत हिने तुम्हाला काही दाखवायचं नाही आणि तुम्ही हिला काही विचारायचं नाही. मला माझ्या घरात शांतता हवी आहे."

"म्हणजे माझ्याच दवाखान्यात मी परका?"

"परके कसले? पाहुणे समजा स्वतःला. उद्घाटनाला या."

चिऊ हसली. डॉक्टरांना ते हसू आवडलं नाही. पाहुणा या शब्दावर इतकं हसण्यासारखं काय होतं, ते त्यांच्या मनात घर करून बसलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. डॉक्टर डावखुरे होते. तुमच्याआमच्यात डावखुरेपणा म्हणजे जेवताना शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणं, एवढंच. पण दातांच्या डॉक्टरची सगळी दुनिया उजव्या हाताच्या माणसांनी आपल्या सोयीने मांडून ठेवलेली असते. डॉक्टर पेशंटच्या उजव्या अंगाला बसणार, आणि चूळ भरायचं भांडं, पाण्याचे नि हवेचे पाइप, थुंकी ओढून घेणारी नळी, सगळं पलीकडे, पेशंटच्या डाव्या अंगाला. डावखुऱ्याला हे सारं उलटं लागतं. कॉलेजात असताना उजव्या खुर्चीवर वाकडं होऊन काम करता करता डॉक्टरांनी पाठीचं कायमचं दुखणं घेतलं, मास्तरांची बोलणी खाल्ली, आणि मनाशी ठरवलं की स्वतःच्या दवाखान्यात खुर्ची घेईन ती डावीच. ती त्यांनी मुद्दाम मागवून घेतली. पुढे चिऊसाठी पहिल्या खोलीत उजवी खुर्ची आली, पण दुसरी खोली ही डॉक्टरांची, आणि तिच्यातली डावी खुर्ची हे त्यांचं सिंहासन.

हे सगळे पाइप जमिनीखालून येतात आणि एका चौकोनी डब्यात वर निघतात. खुर्ची डावी की उजवी, ते त्या डब्याच्या जागेवर ठरतं. एकदा फरशी बसली की डबा हलत नाही. डॉक्टरांच्या खोलीत दारातून शिरलं की समोर खिडकी, पेशंट खिडकीकडे पाय करून आडवा, डॉक्टर त्याच्या डोक्यामागे, तोंड खिडकीकडे. आणि डबा? आत शिरताना उजव्या हाताला. वर्षानुवर्षं तिथेच. डॉक्टर अंधारातसुद्धा त्याला ठेच न लागता आत जात.

त्या खोलीत एकच वैताग होता. दुपार कलली की ऊन थेट खिडकीतून डॉक्टरांच्या डोळ्यांत यायचं. पडदा कधी पुरता सरकला नाही. "झाले चार, आले साहेब," असं म्हणत डॉक्टर डोळे बारीक करून पुढच्या दाढेकडे वळत. चिऊ लहान असताना शाळा सुटली की त्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून अभ्यास करायची. साहेबांची ही वर्दी तिने इतक्या वेळा ऐकली होती की डॉक्टरांच्या आधी तीच म्हणायची, "झाले चार."

तर दवाखान्याला कुलूप लागलं, फोडाफोड सुरू झाली, चिऊ तेवढ्या दिवसांसाठी एका मैत्रिणीच्या दवाखान्यात काम करू लागली आणि डॉक्टर घरी रिकामे बसले. रिकाम्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते सांगायला नको. त्यांनी बायकोला पाय मोकळे करून येतो म्हणून सांगितलं आणि रोज सकाळ-दुपार पाय मोकळे होऊन नेमके दवाखान्याकडे वळू लागले. विचारायचं नाही असं ठरलं होतं. बघायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

पहिल्यांदा त्यांची खुर्ची गेली. दोन माणसांनी ती उलटी करून दारातून काढली तेव्हा तिच्या पोटाखालचा गंज त्यांना पहिल्यांदाच दिसला. खुर्ची जुनी झाली होती, हे त्यांनाही कळत होतं. नवी येणारच होती. पण नवी कोणती?

त्या संध्याकाळी चिऊने चहा पिता पिता सहज विचारलं, "बाबा, चारच्या उन्हाचा अजून त्रास होतो का हो डोळ्यांना?"

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. आज एकदम डोळे कुठून आले? साठी कधीच उलटलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांची चौकशी कोण करतं आणि कशासाठी? आधी डोळे, मग हात थरथरतो का, मग "बाबा, आता आराम करा."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "सुईत दोरा ओवून दाखवू?"

"अहो, मी उन्हाबद्दल विचारतेय."

"उन्हाचा कसला त्रास? ऊन काय आज पडायला लागलं?"

चिऊने आईकडे पाहिलं, आईने चिऊकडे. ते पाहणं डॉक्टरांनी टिपलं. तोंडातला सगळ्यात मागचा किडका कोपरासुद्धा ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांच्या नजरेतून दोन बायकांचं एकमेकींकडे पाहणं सुटणार होतं थोडंच?

मग तो तारावाला आला. म्हणजे वेड्यावाकड्या दातांना तारा लावणारा एक तरुण डॉक्टर. चिऊच त्याला घेऊन आली होती. सिमेंटच्या गोण्या ओलांडत तो दुसऱ्या खोलीत गेला, इकडे तिकडे पाहिलं आणि "वा, मस्त उजेड आहे," म्हणाला. डॉक्टर दारामागेच उभे होते. मस्त उजेड! दुसऱ्याच्या खोलीतला उजेड याला मस्त वाटतोय. डॉक्टर पुढे झाले, मोठ्या अगत्याने कामगारांच्या किटलीतला चहा ओतला आणि कप त्याच्या बरोबर समोर, मधोमध धरला. ना डावीकडे, ना उजवीकडे.

तारावाल्याने कप उजव्या हाताने घेतला.

"बसणार तर तुम्ही इथे?" डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं.

"आठवड्यातून दोनदा येईन म्हणतोय सर. मॅडम म्हणाल्या तसं."

"हं," डॉक्टर म्हणाले. आधी आठवड्यातून दोनदा, मग चारदा. उंटाला तंबूत मान घालू दिली की पुढे काय होतं ते डॉक्टरांना ठाऊक होतं. आणि मॅडमनी ते म्हणताना आपल्या वडिलांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तरीही त्यांना खात्री वाटत नव्हती. लेक होती ती त्यांची. स्वतःच्या हाताने तिच्या दुधाच्या दाताला दोरा बांधून तो काढला होता, पुढे मोठ्या दाढेत चांदी भरली होती. अशी मुलगी बापाला उठवून तिथे तारावाला बसवेल? मन एकदा म्हणायचं, छे. लगेच म्हणायचं, आजकाल काय सांगावं.

ही खात्री करून दिली मावशींनी. मावशी म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस. इतकी वर्षं त्या पेशंटच्या उजव्या अंगाला उभ्या राहून डॉक्टरांच्या डाव्या हातात हत्यारं देत आल्या होत्या. डॉक्टरांनी नुसता तळवा उघडायचा, मावशी बरोबर हवं तेच त्यात ठेवणार. एका दुपारी डॉक्टर कामावर डोकावले तर मावशी सामान पुसायला आलेल्या, आणि बाहेरच्या रिकाम्या खोलीत एका प्लास्टिकच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या राहून, समोर कुणी नसताना, चिमटा पुढे करत होत्या. पुन्हा मागे घेत होत्या. पुन्हा पुढे. उलट्या बाजूने.

"काय चाललंय मावशी?"

मावशी इतक्या दचकल्या की चिमटा खाली पडला. "काही नाही डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, जरा या बाजूची सवय करा."

"का बरं?"

"आता काय, मॅडमकडेही उभं राहायचं ना. त्यांची बाजू वेगळी."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्याकडे काय, तुमच्याकडे आहेच की," मावशी म्हणाल्या आणि चिमटा उचलायला वाकल्या. त्यांनी डोळ्याला डोळा भिडवला नाही. आता समोर कुणी नसताना हवेत चिमटे नाचवताना पकडलेली बाई लाजेनेही खाली बघू शकते. पण डॉक्टरांच्या डोक्यात तेव्हा लाजेला जागा नव्हती. मावशीसुद्धा, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ती खूण दिसली.

दोन्ही खोल्यांची जुनी फरशी निघाली होती. खाली नुसता करडा कोबा. डिझाइनर बाई सकाळी येऊन प्लंबरसाठी निळ्या खडूने खुणा करून गेली होती, आणि "खूण आहे तिथेच खोदा, इकडे तिकडे नको," असं बजावून दुसऱ्या कामावर गेली होती. दुपारची जेवायची सुट्टी होती. प्लंबर आणि बाकीचे समोरच्या झाडाखाली डबे उघडून बसले होते. डॉक्टर दुसऱ्या खोलीच्या दारात उभे राहिले. कोब्यावर निळा चौकोन, त्यात फुली. पाइपांच्या डब्याची जागा.

आत शिरताना डाव्या हाताला.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. बाहेर जाऊन पुन्हा आत आले. डावीकडे ते डावीकडेच. त्यांच्या खोलीत, त्यांच्या डब्याच्या बरोबर उलट बाजूला. म्हणजे उजवी खुर्ची. म्हणजे तारावाला. म्हणजे ते डोळ्यांचं विचारणं, मावशींचे चिमटे, जेवणाच्या टेबलावरचं ते हसू, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांना इतके दिवस वाटत होतं, आता ते मुरण्याची जागाच निळ्या खडूने आखून दिली होती.

राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त होती. डॉक्टरांना उजव्या खुर्चीवर काम करता येणार नव्हतं. ती पाठ आता वाकणार नव्हती. या चौकोनात उद्या पाइप बसले की त्यांच्या हाताला कामच उरणार नव्हतं. कुणी त्यांना जा म्हणणार नव्हतं. नुसती एक खुर्ची बसणार होती, आणि तिच्याजवळ त्यांना बसता येणार नव्हतं. आणि मग सकाळी उठून करायचं काय? पाय मोकळे?

खिडकीच्या कट्ट्यावर निळ्या खडूचा तुकडा पडला होता. बादलीत पाणी होतं, बादलीवर फडकं. आता देवानेच हे सगळं मांडून ठेवल्यावर माणसाने काय करावं?

डॉक्टर गुडघे टेकून बसले. फडक्याने चौकोन पुसला, इतका स्वच्छ की पेशंटची दाढसुद्धा कधी इतकी स्वच्छ झाली नसेल. मग भिंतीपासूनचं अंतर वितीने मोजलं, तेवढंच पलीकडच्या भिंतीपासून घेतलं आणि उजव्या हाताच्या बाजूला, डब्याच्या जुन्या जागी, नवा चौकोन काढला. फुली मारली. रेघा सरळ आल्या. हात थरथरला नाही, हे त्यांनी मुद्दाम पाहून घेतलं. ओली जागा वाळेपर्यंत तिच्यावर वर्तमानपत्राने वारा घातला आणि प्लंबर हात धुऊन येईपर्यंत ते बाहेर बाकावर, पेशंटसारखे, निरागस तोंड करून बसले.

तासाभरात खोलीतून छिन्नीचा आवाज येऊ लागला. प्लंबरने चर खोदला, पाइप टाकले, कोबा भरून घेतला. मग फरशी आली आणि फरशीवर, ओरखडे पडू नयेत म्हणून, भिंतीपासून भिंतीपर्यंत पुठ्ठे अंथरले गेले. त्या पुठ्ठ्यांवर कपाटांचे खोके रचले गेले. चिऊ येऊन रंग बघून गेली, डिझाइनर बाई दिवे बघून गेली. पुठ्ठ्याखाली कोण बघतं?

डॉक्टर आता खुशीत होते. जेवताना दोन घास जास्त जात होते. बायको म्हणाली, "अहो, शहाण्यासारखे वागताय, बरं वाटतं." डॉक्टर नम्रपणे हसले. आता बसव म्हणावं कुणाला बसवायचं ते, असं ते मनातल्या मनात लेकीला सांगत. डावीच खुर्ची मागवावी लागेल, आणि डावी खुर्ची म्हटली की डावखुरा डॉक्टर लागेल. तो काय बाजारात मिळतो?

ज्या दिवशी खुर्च्या यायच्या होत्या त्या दिवशी डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. त्यांना चिऊचा चेहरा बघायचा होता. भांडणाची पहिली दोन-तीन वाक्यंसुद्धा त्यांनी आरशासमोर जुळवून ठेवली होती. जेवणं उरकल्यावर टेम्पो आला. कंपनीच्या फिटरने पहिली खुर्ची पहिल्या खोलीत नेली, दुसरीची फळकुटं बाहेरच उचकटली. प्लास्टिक निघालं. चूळ भरायचं भांडं दिसलं, हत्यारांचा हात दिसला.

डॉक्टर जागीच थिजले. खुर्ची डावी होती.

"हिने बराच वेळ घेतला," फिटर चिऊला सांगत होता. "डाव्या तयार नसतात मॅडम, मुद्दाम बनवून घ्यावी लागली. तुम्ही काम सुरू व्हायच्या आधी ऑर्डर दिलीत म्हणून वेळेत आली."

काम सुरू व्हायच्या आधी. इतके दिवस ज्या संशयावर डॉक्टर जेवले, झोपले, त्याच्यावर आता हसू येऊ लागलं होतं आणि लाजही वाटू लागली होती. बरं झालं, कुणाला कळलं नाही. डावी खुर्ची, उजवीकडे डबा, सगळं जिथल्या तिथे. त्या डिझाइनर बाईनेच खूण चुकवली होती, आणि आपण ती चूक नीट केली, झालं. ते फिटरच्या मागोमाग खोलीत गेले.

फिटरने आणि त्याच्या जोडीदाराने खुर्ची पुठ्ठ्यावर टेकवली. टेकवली ती खिडकीकडे डोकं करून.

"अहो, उलटी ठेवलीत," डॉक्टर म्हणाले. "पाय खिडकीकडे यायला हवेत."

"नाही सर. नकाशात डोकं खिडकीकडे आहे. डॉक्टरांची पाठ खिडकीला."

डॉक्टरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग आपल्या दोन हातांकडे. मनातल्या मनात पेशंटला खिडकीकडे डोकं करून आडवं केलं, आणि त्याच्या डोक्यामागे स्वतः बसले. खुर्ची फिरली की तिचं डावं-उजवंही फिरतं. आत शिरताना डाव्या हाताला असलेला तो निळा चौकोन बरोबर होता. तो त्यांचाच होता. तो पुसून त्यांनी पलीकडे जो काढला, त्याच्यावर उजवी खुर्चीच बसली असती. आपल्याच हाताने, रेघा सरळ आल्यात ना हे बघत, त्यांनी स्वतःला स्वतःच्या खोलीतून बाहेर काढलं होतं.

एवढ्यात फिटरने पुठ्ठा उचलला होता. "मॅडम," त्याने हाक मारली. "डबा पलीकडे आलाय."

मग जे व्हायचं ते झालं. चिऊ धावत आली. डिझाइनर बाईला फोन लागला, ती स्पीकरवर शपथा घेऊ लागली की खूण डावीकडेच केली होती. बाहेरच्या बेसिनचा नळ बसवत असलेल्या प्लंबरला बोलावलं गेलं. तो पान्हा हातात घेऊनच आला.

"मी खुणेवरच खोदलं मॅडम. खूण इथेच होती."

"खूण तिकडे होती."

"नाही मॅडम. इथे होती, निळी. फुली मारलेली."

"म्हणजे त्या खोटं बोलतायत? की खूण उडून इकडे आली?" चिऊचा आवाज चढला. "सगळी फरशी फोडावी लागेल आता. तुम्हाला काम नीट करायचं नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते. उद्यापासून येऊ नका."

प्लंबरने एकदा खाली डब्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपलंच काही चुकलं असेल का, अशी शंका आली. ती डॉक्टरांनी पाहिली. तोंड उघडायला लावणं हा त्यांचा धंदा, पण स्वतःचं तोंड उघडेना. प्लंबर वळून हत्यारं गोळा करायला निघाला, तोपर्यंत ते तसेच उभे होते. तेवढा वेळ ते गप्प राहिले, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस त्यांना टोचत राहिली.

"त्याची चूक नाही," ते शेवटी म्हणाले. "खूण मी पुसली."

"काय?"

"मी पुसली आणि मी काढली. फडक्याने. जेवायच्या सुट्टीत."

चिऊने फोन बंद केला. प्लंबर दारात थांबला. फिटरने आपल्या जोडीदाराला चहा प्यायला बाहेर नेलं.

"का बाबा?"

"मला वाटलं, उजवी खुर्ची बसवतेयस. त्या तारावाल्यासाठी."

"तो माझ्या खोलीत बसणार आहे. मी नसेन त्या दिवशी."

"ते मला कुणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत?" चिऊ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "लहानपणापासून ऐकतेय. झाले चार, आले साहेब. म्हणून खुर्ची फिरवायला सांगितली मी. साहेब पाठीमागे राहावेत म्हणून. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, सुईत दोरा ओवून दाखवू. आणि तुम्हाला वाटलं, मी तुम्हाला काढतेय. कधीपासून वाटतंय हे?"

बेसिनपासून, असं खरं उत्तर होतं.

"उजवीच बसव इथे," डॉक्टर म्हणाले. "फोडू नको. डावी परत घेतील ते. मला शिक्षा झालीच पाहिजे."

"पुरे झालं नाटक," चिऊ म्हणाली. तिने नाक पुसलं. "फोडायची आहे. दादा, तुम्ही जाऊ नका. माझं चुकलं, उगाच बोलले तुम्हाला."

प्लंबर म्हणाला, "होतं मॅडम असं." त्याने छिन्नी-हातोडा आणला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चहा पिऊन परत आलेल्या फिटरने आणि त्याच्या जोडीदाराने खुर्ची बाजूला सरकवली.

"आता खूण करा," चिऊ म्हणाली. "तुम्हीच करा."

डॉक्टरांनी खडू घेतला आणि घोटाळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपली बाजू कोणती ते कळेना. "चिऊ," ते म्हणाले, "जरा आडवी होतेस? मला एकदा बसून बघू दे."

ती पुठ्ठ्यावर आडवी झाली, डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे. डॉक्टर एका खोक्यावर तिच्या डोक्यामागे बसले. चार वाजून गेले होते. ऊन त्यांच्या पाठीवर होतं, गरम, आणि त्यांच्या खांद्यावरून पुढे जाऊन ते लेकीच्या पायांवर पडलं होतं. तिने सवयीने तोंड उघडलं. खालच्या दाढेतली त्यांनी भरलेली चांदी त्यांना डोळे बारीक न करता दिसली. अजून घट्ट होती.

"मिट," ते म्हणाले. "समजलं."

ती उठली. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, मापं घेतली आणि आत शिरताना डाव्या हाताला, चकचकीत नव्या फरशीवर, निळा चौकोन काढला. फुली मारली. या वेळी रेघा तितक्या सरळ आल्या नाहीत.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," चिऊ म्हणाली. तिने पुन्हा एकदा नकाशाशी पडताळून पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि खुणेवर धरला.

"फोटो कशाला?"

"असू दे. प्लंबरसाठी."

प्लंबर छिन्नी घेऊन तिथेच उभा होता, खुणेपासून हातभर अंतरावर. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने खिडकीकडे पाहिलं. लेकीच्या तोंडावर राग नव्हता. असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

"बाबा, जरा बाजूला व्हा," ती फोनमध्ये बघत म्हणाली. "तुमची सावली पडतेय."

डॉक्टर बाजूला झाले.